शिकस्त

(वीरधवल खाडे हे महाराष्ट्राचे नामवंत जलतरणपटू. आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांनी भारताला पदक मिळवून दिले. या पाठात त्यांच्या कारकिर्दीची ओळख करून दिली आहे. पाठ वाचताना उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत असलेल्या शब्दांकडे लक्ष द्या.)

विद्यार्थी मित्रांनो, ‘शिकस्त’ हा शब्द तुम्हाला नवा नाही. उर्दूच्या आणि इतिहासाच्या पुस्तकांत तो तुम्ही अनेकदा वाचला आहे. १५२६ मध्ये पानिपतच्या मैदानात इब्राहीम लोदीने शिकस्त खाल्ली, म्हणजे त्याचा पराभव झाला. उर्दूत शिकस्त म्हणजे हार.

मराठीतही हा शब्द आहे. पण मराठी वाचताना त्याचा अर्थ ‘हार’ असा घेतला, तर वाक्याचा अर्थ उलटा होईल. हे वाक्य पाहा : ‘रोग्याला वाचवण्यासाठी डॉक्टरांनी प्रयत्नांची शिकस्त केली.’ डॉक्टर हरले, असे हे वाक्य सांगत नाही. माणसाच्या हातून जेवढे प्रयत्न होऊ शकतात तेवढे सगळे त्यांनी केले, असे ते सांगते. शब्द एकच, पण दोन भाषांत त्याने दोन वेगळ्या वाटा धरल्या.

आज आपण ज्या खेळाडूची ओळख करून घेणार आहोत, त्याच्या एका शर्यतीत या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र आले होते. ती शर्यत साडेबावीस सेकंदांतच संपली. पण ती समजून घ्यायची तर आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

आपल्या गोंडपिपरी तालुक्याच्या कडेने वर्धा आणि वैनगंगा या नद्या वाहतात. पुढे त्या एकमेकींना मिळतात आणि प्राणहिता होऊन गोदावरीकडे जातात. नदीकाठच्या गावांतली मुले लहानपणीच पाण्यात उतरतात आणि हातपाय मारायला शिकतात. तुमच्यापैकी काही जणांना पोहता येतही असेल. पण नदीतले पोहणे आणि स्पर्धेतले पोहणे यांत मोठा फरक आहे. नदीत पलीकडच्या काठाला लागलो की झाले. किती वेळ लागला, हे कोणी विचारत नाही. स्पर्धेत मात्र काठाला लागणे पुरेसे नसते. तिथे वेळ मोजली जाते, आणि तीही सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत.

वीरधवल खाडे याचा जन्म २९ ऑगस्ट १९९१ रोजी झाला. तो कोल्हापूरचा. कोल्हापूर महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, आपल्यापासून फार दूर आहे. हे शहर कुस्तीसाठी प्रसिद्ध आहे. तिथे गल्लोगल्ली तालमी आहेत. तुम्ही म्हणाल, तालीम म्हणजे शिक्षण. उर्दूत तसेच आहे. मराठीत मात्र जिथे पहिलवान व्यायाम करतात आणि कुस्ती शिकतात त्या जागेला तालीम म्हणतात. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव कोल्हापुरातच घडले. अशा कुस्तीच्या शहरातल्या या मुलाने आपल्यासाठी पाणी निवडले.

तो लहानपणीच पोहायला शिकला आणि पुढे स्पर्धांत उतरू लागला. मोठ्या स्पर्धांची तयारी करण्यासाठी तो बंगळूरला गेला. तेथे निहार अमीन या नामवंत प्रशिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली त्याचा सराव सुरू झाला. जलतरणपटूचा सराव म्हणजे काय, याची कल्पना करा. शर्यत अर्ध्या मिनिटाची असते, पण तिच्यासाठी वर्षानुवर्षे रोज कित्येक तास पाण्यात काढावे लागतात. तलावाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जायचे, वळायचे, परत यायचे. बरोबर बोलायला कोणी नाही. डोळ्यांसमोर फक्त तळाची काळी रेषा.

२००८ मध्ये चीनची राजधानी बीजिंग येथे ऑलिंपिक स्पर्धा झाल्या. त्या स्पर्धेत वीरधवल ५० मीटर, १०० मीटर आणि २०० मीटर फ्रीस्टाइल, म्हणजे मुक्त शैलीच्या शर्यतींत भारतातर्फे उतरला. तेव्हा त्याला सतरा वर्षे पूर्ण व्हायला काही दिवस बाकी होते. दहावी-अकरावीच्या वयाचा हा मुलगा जगातल्या सर्वांत वेगवान जलतरणपटूंबरोबर एकाच तलावात पोहला. पुढच्या फेरीत त्याला जागा मिळाली नाही, पण मोठी स्पर्धा कशी असते, ते त्याने जवळून पाहिले.

त्याच बीजिंगच्या तलावात एक शर्यत अशी झाली की ती लोक अजून विसरलेले नाहीत. १०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम फेरीत अमेरिकेचा मायकल फेल्प्स आणि सर्बियाचा मिलोराड चाविच यांच्यात चुरस होती. शेवटच्या क्षणी पाहणाऱ्यांना चाविच पुढे आहे असे वाटले. पण फलकावर आकडे आले : फेल्प्स ५०.५८ सेकंद, चाविच ५०.५९ सेकंद. फरक एका सेकंदाच्या शंभराव्या भागाचा. मराठीत याला ‘एक शतांश सेकंद’ म्हणतात.

एवढा लहान काळ मोजतात कसा? शर्यत संपते त्या भिंतीवर प्रत्येक खेळाडूसमोर एक पातळ पट्टी बसवलेली असते. खेळाडूच्या हाताचा दाब तिच्यावर पडला की विजेवर चालणारे घड्याळ त्याच क्षणी थांबते. म्हणून नुसते भिंतीजवळ पोहोचून उपयोग नाही; पट्टी दाबली गेली पाहिजे. पंचांच्या डोळ्यांवर हा निर्णय सोडलेला नसतो.

मग शतांशाच्याही पुढे का मोजत नाहीत? एकदा मोजले होते. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरच्या एका शर्यतीत स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी या दोघांची वेळ शतांशापर्यंत सारखीच भरली. तेव्हा हजारावा भाग पाहिला गेला आणि सेकंदाच्या दोन हजारांश फरकाने लार्सनला सुवर्णपदक मिळाले. अंतरात मोजला तर हा फरक तीन मिलिमीटरही नव्हता. तलावाची भिंत बांधताना एका लेनपेक्षा दुसरी लेन तेवढी लांब झालेली असू शकते. मग हा निकाल न्यायाचा कसा म्हणायचा? त्यानंतर नियम बदलला. आता शतांशापर्यंत वेळ सारखी असेल तर दोघांचा क्रमांक एकच धरतात. पण एका शतांशाचा फरक असला, तर तो फरक मानला जातो.

ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती लागणार आहे.

नोव्हेंबर २०१० मध्ये चीनमधील ग्वांगझू येथे आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. वीरधवल तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. ५० मीटर बटरफ्लायच्या अंतिम फेरीत तो २४.३१ सेकंदांत पोहला आणि त्याने कांस्यपदक मिळवले. या पदकाचे मोल समजण्यासाठी मागचा हिशेब पाहू. दिल्लीत १९५१ मध्ये झालेल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत सचिन नाग यांनी १०० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकले होते. १९८६ मध्ये सेऊल येथे खजान सिंग यांनी २०० मीटर बटरफ्लायमध्ये रौप्यपदक मिळवले. त्यानंतर चोवीस वर्षे भारताच्या एकाही जलतरणपटूला आशियाई पदक मिळाले नव्हते. ती चोवीस वर्षांची खंडित वाट कोल्हापूरच्या मुलाने पुन्हा सुरू केली. पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, भारत सरकारने अर्जुन पुरस्कार देऊन त्याचा गौरव केला.

महाराष्ट्र शासनाने या कामगिरीची कदर केली आणि वीरधवलची तहसीलदार पदावर नेमणूक केली. मुलांनो, आतापर्यंत आपण त्याला ‘तो’ म्हणत होतो. आता तो मुलगा मोठा अधिकारी झाला. उर्दूत आपण मोठ्यांना ‘आप’ म्हणतो, तसे मराठीत मोठ्या माणसाविषयी बोलताना ‘ते’ म्हणतात. आपणही आता ‘ते’ म्हणू.

तहसीलदार म्हणजे कोण, हे तालुक्याच्या गावात राहणाऱ्या तुम्हाला सांगायला नको. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असला की उत्पन्नाचा दाखला काढायला तुमचे अब्बा किंवा भाऊ तहसील कार्यालयातच जातात. ‘तहसील’ हा मूळचा अरबी शब्द. तहसील म्हणजे मिळवणे, वसूल करणे. पूर्वी शेतसारा वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याला तहसीलदार म्हणू लागले. जमिनीचे दावे, दाखले, निवडणुका, पूर किंवा दुष्काळ पडला तर मदत, अशी अनेक कामे या अधिकाऱ्याकडे असतात. काम मानाचे आणि जबाबदारीचे. पण कार्यालय आणि तरणतलाव यांचे वेळापत्रक जमणे कठीण. खाडे काही वर्षे स्पर्धांपासून दूर राहिले.

जलतरणात काही वर्षे म्हणजे फार मोठा काळ. पाणी विसरत नाही असे म्हणतात, आणि ते खरे आहे. एकदा पोहायला आलेला माणूस पोहणे विसरत नाही. पण वेग मात्र विसरतो. सराव सुटला की दम कमी होतो, शरीर जड होते, आणि मागून नवी मुले पुढे निघून जातात. अशा वेळी खाडे यांच्यासमोर एक सोपा रस्ता होता. पदक होते, पुरस्कार होता, चांगली नोकरी होती. ‘आमचे दिवस झाले’ असे म्हणून ते थांबले असते, तर कोणी नावे ठेवली नसती.

ते थांबले नाहीत. पुन्हा पाण्यात उतरले. पूर्वीच्या वेगाजवळ पोहोचण्यासाठी सरावाला पुन्हा सुरुवात केली.

ऑगस्ट २०१८. इंडोनेशियाची राजधानी जकार्ता. पुन्हा आशियाई क्रीडा स्पर्धा, आणि शर्यत ५० मीटर फ्रीस्टाइलची. ही सर्वांत लहान शर्यत. तलावाची एकच लांबी. उडी घेतल्यावर पंधरा मीटरच्या आत डोके पाण्याबाहेर आले पाहिजे, असा नियम आहे. पुढे फक्त हात आणि पाय. बहुतेक खेळाडू या शर्यतीत एखाद-दुसराच श्वास घेतात, कारण श्वासासाठी मान वळवली तरी वेग कमी होतो. चूक झाली तर सुधारायला वेळच नाही.

प्राथमिक फेरीत खाडे २२.४३ सेकंदांत पोहले. त्यांनी स्वतःचाच जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. विचार करा, वयाची सत्तावीस वर्षे पूर्ण होत आली होती, मध्ये सराव सुटलेला होता, तरी ते आपल्या तरुणपणापेक्षा वेगाने पोहले.

मग अंतिम फेरी झाली. आठ खेळाडू. चीनच्या खेळाडूने सुवर्ण आणि जपानच्या खेळाडूने रौप्य जिंकले. तिसऱ्या जागेवर जपानचाच शुनिची नाकाओ आला. वेळ २२.४६ सेकंद. चौथ्या जागेवर वीरधवल खाडे. वेळ २२.४७ सेकंद.

एक शतांश सेकंद!

तुम्हाला गणित येते. हिशेब करून पाहू. २२.४६ सेकंदांत ५० मीटर, म्हणजे एका सेकंदात सरासरी सुमारे २.२ मीटर. त्याचा शंभरावा भाग केला की सव्वादोन सेंटिमीटरही भरत नाही. आपला अंगठा आडवा धरा. त्याची रुंदी साधारण तेवढीच आहे. पदक आणि चौथा क्रमांक यांच्यामध्ये एका अंगठ्याचे अंतर होते. आणखी एक गोष्ट पाहा. प्राथमिक फेरीत ते ज्या वेळेत पोहले होते, त्याच वेळेत ते अंतिम फेरीत पोहले असते तर कांस्यपदक त्यांचेच होते. पण क्रीडेत ‘असते तर’ चालत नाही. फलकावर जो आकडा येतो तोच खरा.

आता सांगा, या शर्यतीला शिकस्त म्हणायचे का?

उर्दूच्या अर्थाने, होय. पदक गेले. ते कोणी नाकारू शकत नाही. मराठीच्या अर्थानेही, होय. माणसाला जेवढे करता येते तेवढे सगळे त्यांनी केले होते. चौथ्या आलेल्या माणसाच्या गळ्यात काही पडत नाही, पण त्या स्पर्धेतून खाडे नवा राष्ट्रीय विक्रम घेऊन परतले. आपल्या जुन्या वेळेशी लढून त्यांनी तो मिळवला होता, आणि एका अंगठ्याच्या अंतराने हुकलेल्या पदकामुळे तो पुसला गेला नाही.

यानंतरही वाट सोपी नव्हती. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे देशातले तरणतलाव बंद झाले. धावपटू अंगणात धावू शकतो, पहिलवान घरात जोर-बैठका काढू शकतो, पण जलतरणपटूने पाण्यावाचून सराव कुठे करायचा? तलाव असेच बंद राहिले तर निवृत्तीचा विचार करावा लागेल, असे खाडे यांनी तेव्हा जाहीरपणे सांगितले. पुढे टोकियो ऑलिंपिकला त्यांना जाता आले नाही. तरी ते पोहत राहिले. २०२३ मध्ये गोव्यात झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्यांनी महाराष्ट्रासाठी ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकले. त्यांच्या पत्नी ऋजुता खाडे याही जलतरणपटू. त्यांनी महिलांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक जिंकले. एका घरात एकाच शर्यतीची दोन सुवर्णपदके आली. याच स्पर्धेनंतर वीरधवल खाडे यांनी स्पर्धात्मक जलतरणातून निवृत्ती घेतली.

मित्रांनो, तुमच्यापैकी फार थोड्यांना तरणतलाव पाहायला मिळाला असेल. पण एका अंगठ्याचे अंतर तुम्हा सर्वांच्या ओळखीचे आहे. दोन गुणांनी पहिला नंबर जातो. एका विषयात चार गुण कमी पडतात आणि मुलगा दहावीत राहतो. मग घरचे म्हणतात, आता कामाला लाग. आणि तोही दप्तर कोपऱ्यात टाकतो. खरे म्हणजे त्याचे अंतर चार गुणांचेच होते. ते पुढच्या परीक्षेत भरून निघू शकले असते. पण त्याने ते अंतर मोजलेच नाही. नुसता निकाल पाहिला. जलतरणाचे घड्याळ आपल्याला हेच शिकवते. आधी अंतर मोजा. बहुतेक वेळा ते आपल्याला वाटते त्यापेक्षा लहान असते.

म्हणून पुढच्या वेळी ‘शिकस्त’ हा शब्द वाचाल तेव्हा त्याच्याबरोबर येणाऱ्या क्रियापदाकडे पाहा. उर्दूत शिकस्त खातात. मराठीत शिकस्त करतात. पहिली कोणाच्याही वाट्याला येऊ शकते, मोठमोठ्या बादशहांच्याही आली. दुसरी मात्र आपल्या हातात आहे.

(सूचना : पोहायला शिकायचे असेल तर मोठ्या, पोहता येणाऱ्या माणसाबरोबरच पाण्यात उतरा. पावसाळ्यात नदीत किंवा अनोळखी डोहात उतरू नका.)

शब्दार्थ

जलतरणपटू – स्पर्धेत पोहणारा खेळाडू, तैराक
तरणतलाव – पोहण्यासाठी बांधलेला तलाव
चुरस – अटीतटीची स्पर्धा, मुकाबला
शतांश – शंभरावा भाग
कांस्यपदक – तिसऱ्या क्रमांकाचे पदक
खंडित – मध्येच तुटलेले
शेतसारा – जमिनीवरचा सरकारी कर, लगान
नावे ठेवणे – दोष देणे
निवृत्ती – काम किंवा खेळ कायमचा सोडणे
डोह – नदीतील खोल पाण्याची जागा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वीरधवल खाडे कोणत्या शहराचे?
(आ) २०१० च्या आशियाई स्पर्धेत त्यांना कोणते पदक मिळाले?
(इ) त्यांच्याआधी भारताला जलतरणात आशियाई पदक कोणी व केव्हा मिळवून दिले होते?
(ई) शर्यतीतील वेळ मोजणारे घड्याळ केव्हा थांबते?

२. रिकाम्या जागा भरा.
(अ) वर्धा आणि वैनगंगा एकत्र आल्यावर त्या नदीला ______ म्हणतात.
(आ) जकार्ता येथे खाडे यांचे पदक एका ______ सेकंदाने हुकले.
(इ) पंधरा ______ च्या आत डोके पाण्याबाहेर आले पाहिजे.

३. कारणे लिहा.
(अ) म्युनिक ऑलिंपिकनंतर वेळ मोजण्याचा नियम बदलला.
(आ) कोरोनाच्या काळात जलतरणपटूंचा सराव थांबला.

४. पुढील शब्दांचा उर्दूतील अर्थ आणि मराठीतील अर्थ लिहा. मराठी अर्थाने प्रत्येकाचे एक वाक्य करा.
शिकस्त, तालीम, दाखला, जिद्द, हरकत.

५. हिशेब करा.
मायकल फेल्प्स १०० मीटर अंतर ५०.५८ सेकंदांत पोहला. एका शतांश सेकंदात तो सरासरी किती सेंटिमीटर पुढे गेला असेल?

६. आठ-दहा ओळी लिहा.
थोडक्यात हुकलेली एखादी गोष्ट आणि त्यानंतर त्या माणसाने काय केले, हे तुमच्या शब्दांत लिहा. ती गोष्ट तुमची, घरातील कोणाची किंवा एखाद्या खेळाडूची असू शकेल.

७. उपक्रम.
तहसील कार्यालयात कोणकोणते दाखले मिळतात, याची माहिती घरातील मोठ्या माणसांना विचारून मराठीत यादी करा.